शंभराचं टाका

रायपुरात सकाळी साडेआठच्या सुमारास एखाद्या पेट्रोल पंपावर पाच मिनिटं उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. तिथे लिटरमध्ये बोलणारे फार थोडे. चारचाकीवाला ‘टाकी फुल’ म्हणतो, बाकी सगळीकडून ‘सौ का डाल दो’, ‘पचास का’ हेच ऐकू येतं. हँडलला रंगाचा डबा अडकवलेला रंगारी, मधे शाळेचा मुलगा आणि मागे बायको बसवलेला वॉचमन, पाठीवर चौकोनी पिशवी लावलेला डिलिव्हरीचा पोरगा, तिघंही शंभराचंच टाकतात. त्यांचा हिशेब लिटरचा नसतो, रोजचा असतो. दिवसाच्या कमाईतून पेट्रोलला किती काढायचे ते आधीच ठरलेलं असतं, आणि तो आकडा पंपावरच्या भावाबरोबर वाढत नाही.

म्हणून भाव चढला की या माणसाचा खर्च वाढलेला दिसत नाही, त्याचं अंतर आखडतं. २०१६ च्या आसपास पेट्रोल पासष्टीच्या घरात होतं. शंभरात दीड लिटर यायचं. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी फटफटी त्यात पंचाहत्तर किलोमीटर धावायची. पेट्रोलने शंभरी गाठली आणि तीच गाडी तेवढ्याच पैशांत पन्नासावर येऊन थांबली. मधले पंचवीस किलोमीटर म्हणजे कुणासाठी लांबच्या साइटवरचं काम, कुणासाठी संध्याकाळची जास्तीची फेरी, कुणासाठी आठवड्यातून एकदा गावी आईला भेटून येणं.

‘महागाई काय, सगळ्यांनाच आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. गेली काही वर्षं या शहरात इंधनाचा भाव वर-खाली होताना पाहून मला ते खरं वाटेनासं झालं आहे. भाववाढ हातातून हातात जाते. कंपनी ती पंपाकडे देते, पंप ट्रकमालकाकडे, ट्रकमालक व्यापाऱ्याकडे, व्यापारी गिऱ्हाइकाकडे. ज्याला स्वतःचा दर ठरवता येतो तो ती पुढे ढकलतो. ज्याला तो ठरवता येत नाही त्याच्यापाशी ती येऊन थांबते. रायपुरात ती कुठे थांबते, ते पाहण्यासारखं आहे.

आधी ती येते कुठून ते बघू. छत्तीसगडला समुद्र नाही, तेलविहीर नाही, रिफायनरी नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपला इंडियन ऑइलची मोठी रिफायनरी २०१६ मध्ये देशाला अर्पण झाली. तिथून रायपूर आणि पुढे रांचीपर्यंत हजार किलोमीटरहून लांब नळवाहिनी आहे. शहराबाहेरच्या साठवण टाक्यांतून टँकर भरतात आणि राज्यभर जातात. बस्तरमध्ये बिजापूर-सुकम्याकडे जाताना टँकरचं भाडं वाढत जातं. त्यामुळे तिथे तेच डिझेल रायपूरपेक्षा महाग पडतं. कमाई कमी आणि डिझेल महाग, अशी तिथली गत आहे.

रिफायनरीत शिरणारं कच्चं तेल बहुतेक बाहेरचं. देशाच्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण आयात करतो. एका बॅरलमध्ये १५९ लिटर असतात. डॉलर ८५ रुपयांना धरला, तर बॅरलमागे एका डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे साधारण ५३ पैसे. तेल ८० डॉलरला असेल तर एका लिटर कच्च्या तेलाची किंमत ४३ रुपयांच्या आतबाहेर पडते. पंपावरच्या शंभराशी ताडून पाहिलं, तर उरलेली रक्कम शुद्धीकरण, वाहतूक, पंपमालकाचं कमिशन आणि मुख्यतः करांची आहे हे कळतं.

करांत दोन वाटेकरी आहेत. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे जगभर कच्चं तेल कोसळलं. तेव्हा तो फायदा गिऱ्हाइकापर्यंत आला नाही. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं, आणि डिझेलवरचं एकूण शुल्क ३१ रुपयांच्या वर गेलं. पुढे कच्चं तेल पुन्हा महागलं, पण वाढवलेलं शुल्क दीड वर्ष तसंच राहिलं. ४ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे दिवाळीत, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी झाले. मे २०२२ मध्ये आणखी ८ आणि ६. ते दीड वर्ष लॉकडाऊनमधून कसंबसं बाहेर येणाऱ्या रिक्षावाल्यांनी आणि ट्रकमालकांनी काढलं, याचा विसर पडू नये.

दुसरा वाटेकरी राज्य. राज्याचा व्हॅट टक्क्यांत असतो. छत्तीसगडमध्ये पूर्वी पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवर २५ टक्के आणि वर लिटरमागे अनुक्रमे २ रुपये व १ रुपया होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो पेट्रोलवर एका आणि डिझेलवर दोन टक्क्यांनी उतरला. १ एप्रिल २०२५ पासून पेट्रोलवर लिटरमागे आणखी एक रुपया कमी झाला. टक्क्यांतल्या कराचा गुण असा की मूळ भाव चढला की तो आपोआप चढतो. मूळ किंमत दहा रुपयांनी वाढली, तर २४ टक्क्यांच्या हिशेबाने पंपावर ती बारा रुपये चाळीस पैशांनी वाढते. भाव चढलेल्या काळात राज्याच्या तिजोरीत काही न करता जास्त पैसे येतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल बाहेर ठेवलं गेलं. ते आत आणायला राज्यं मनापासून तयार का नाहीत, याचं उत्तर या वरच्या दोन रुपये चाळीस पैशांत आहे.

राज्याराज्यांतल्या व्हॅटच्या फरकाचा अनुभव रायपूरच्या मराठी घरांना चांगला आहे. चौबे कॉलनीतलं आमचं महाराष्ट्र मंडळ १९३५ चं. तात्यापारा, बुढापारा या भागांत कित्येक पिढ्या राहिलेल्या कुटुंबांची अर्धी सोयरीक नागपूरकडे. लग्नकार्याला गाडीने निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, टाकी इथेच भर, देवरीनंतर पेट्रोल महाग आहे. खरंच आहे ते. जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत भाव जवळजवळ हलले नव्हते. त्या काळात रायपुरात पेट्रोल १०२ च्या आणि नागपुरात १०६ च्या आसपास होतं. डिझेलचं मात्र उलट. रायपुरात ९५ च्या वर, नागपुरात ९३ च्या आत. म्हणजे कारवाला सीमेवरच्या बाघनदीच्या अलीकडे टाकी भरतो आणि ट्रकवाला पलीकडे. तीनशे लिटरची टाकी भरणाऱ्या ट्रकला लिटरमागे अडीच रुपये म्हणजे साडेसातशे रुपये वाचतात, आणि तेवढा कर छत्तीसगडचा बुडतो.

आता त्या ट्रकवाल्याकडे येऊ. भनपुरी, रावाभाठा, टाटीबंध हा सगळा पट्टा ट्रकांचा. उरला-सिलतऱ्याचं लोखंड, बलौदाबाजारकडचं सिमेंट, गिरण्यांचा तांदूळ इथून देशभर जातो. ज्या ट्रान्सपोर्टरचा मोठ्या कारखान्याशी करार असतो, त्याच्या करारात बहुधा डिझेल वाढलं तर भाडं वाढेल असं कलम असतं. ज्याची एकच गाडी आहे आणि तीही हप्त्यावर घेतलेली, त्याच्याकडे करार नसतो. तो ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात बसून ‘नागपूरला काय भाव चाललाय’ विचारतो आणि मिळेल ते भाडं घेतो.

त्याचा हिशेब साधा आहे. रायपूर ते नागपूर सुमारे २९० किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला चारच्या आसपास देतो. म्हणजे एका बाजूला बहात्तर-त्र्याहत्तर लिटर. डिझेल दहा रुपयांनी वाढलं की एका बाजूला सातशे-सव्वासातशे रुपये जास्त. महिन्यात सहा खेपा जाऊन-येऊन केल्या तर साडेआठ हजारांच्या वर. हे साडेआठ हजार कुठून येतात? भाडं लगेच वाढत नाही, कारण बाहेर आणखी दहा गाड्या माल मिळण्याची वाट पाहत उभ्या असतात. हप्ता कमी होत नाही, विमा कमी होत नाही, टोल तर नाहीच. मग टायर आणखी दोन महिने चालवले जातात, क्लीनर काढून टाकला जातो, आणि ड्रायव्हर एकटाच रात्रीची गाडी ओढतो. परतीचा माल लवकर मिळाला नाही तर रिकामी गाडी आणण्याऐवजी तो तिथेच दोन-दोन दिवस थांबतो, आणि घरी बायकोला आज येतो, उद्या येतो असं फोनवर सांगत राहतो. काही मालक ठरलेल्या खेपेला ठरलेलं डिझेल बांधून देतात. वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तरी त्याचंच. रस्त्यात चार तास जाम लागला की इंजिनाच्या घरघरीबरोबर त्याच्याच खिशातलं तेल जळत असतं.

हेच डिझेल कांद्याच्या किलोवर किती पडतं, हेही एकदा काढून पाहावं. नाशिकहून डूमरतराईच्या ठोक बाजारात कांदा येतो, सुमारे साडेनऊशे किलोमीटर. वीस टनांची गाडी, दोनशे चाळीस लिटर डिझेल. दहा रुपयांची वाढ म्हणजे चोवीसशे रुपये, आणि ते वीस हजार किलोंवर वाटले की किलोमागे बारा पैसे. परतीचं डिझेल धरलं तरी पंचवीस पैशांच्या आत. डिझेल महागलं म्हणून कांदा पाच रुपयांनी चढला असं बाजारात कुणी सांगितलं, तर ते पूर्ण खरं मानू नका. वीस टनांवर ओझं वाटलं की ते हलकं होतं. तोच कांदा डूमरतराईहून छोट्या हत्तीत भरून, पाच-दहा पोत्यांसाठी शहराच्या टोकाला जातो, तेव्हा किलोमागचा खर्च भराभर वाढतो. आणि एका माणसाने एकट्यासाठी चालवलेल्या फटफटीवर तर वाटायला दुसरं कुणीच नसतं. जितका बोजा छोटा, तितकी भाववाढ जड.

प्रवाशांचं ओझं वाटून घेण्यासाठी बस असते. महाराष्ट्रातल्या वाचकांना एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी: छत्तीसगडमध्ये एसटी नाही. १ नोव्हेंबर २००० ला हे राज्य मध्य प्रदेशातून वेगळं झालं. मध्य प्रदेशचं परिवहन महामंडळ पुढे काही वर्षांत बंद पडलं आणि छत्तीसगडने स्वतःचं उभं केलं नाही. भाठागावच्या आंतरराज्य बसस्थानकातून सुटणाऱ्या बस बहुतेक खासगी मालकांच्या. भाडं मात्र मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार राज्य सरकार ठरवतं. डिझेल कधीही बदलणार, भाडं सरकारी आदेश निघाल्यावर. मधल्या काळात मालक फेऱ्या कमी करतो. कमी गर्दीच्या गावची गाडी आधी बंद होते. जुलै २०२१ मध्ये बसमालकांनी भाडेवाढीसाठी संप पुकारला. त्यांची मागणी ४० टक्क्यांची होती, सरकारने २५ टक्के मंजूर केली. संप मिटला. पण मग गावाहून येणाऱ्या कॉलेजच्या मुलीला चाळीस रुपयांच्या जागी पन्नास मोजावे लागले, आणि तिच्या बाजूने बोलायला त्या वाटाघाटीत कुणी नव्हतं.

महाराष्ट्रातही एसटीचं भाडं वाढतंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते १७.१७ टक्क्यांनी वाढलं, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी. पण तिथे सरकारच्या हातात एक साधन आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट द्यायचं ठरलं आणि तो भार तिजोरीने घेतला. एसटीच्या तोट्याबद्दल कुणी कितीही बोलो, डिझेलचं ओझं गरिबाच्या खिशाऐवजी सगळ्यांच्या तिजोरीवर घ्यायची ती एक वाट आहे. रायपुरात ती वाटच बांधलेली नाही.

शहरात ऑटोवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. मुंबईत रिक्षाचं भाडं समितीच्या सूत्रावर ठरतं आणि मीटरवर दिसतं. रायपुरात टाटीबंध ते जयस्तंभ चौक, स्टेशन ते तेलीबांधा अशा सवारी, म्हणजे शेअर ऑटो चालतात. भाडं सगळ्यांना तोंडपाठ, दहा, पंधरा, वीस. आता २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ हे सोळा दिवस आठवा. साडेचार महिने थांबलेला भाव त्या सोळा दिवसांत चौदा वेळा वाढला, बहुतेक वेळा ऐंशी-ऐंशी पैशांनी, आणि एकूण दहा रुपयांनी चढला. दिवसाला चार लिटर जाळणाऱ्या ऑटोवाल्याचे चाळीस रुपये गेले. पण भाडं ऐंशी पैशांनी कसं वाढवणार? ते वाढलं तर पाच रुपयांनीच वाढतं. तीस सवाऱ्यांकडून पाच-पाच घेतले तर दीडशे होतात, आणि सवारीला वाटतं हा लुटतोय. न घेतले तर चाळीस रुपये रोज घरातून जातात, महिन्याला हजार. म्हणून तो आठवडे, महिने तसाच रेटत राहतो. शेवटी एक दिवस सगळे ऑटोवाले मिळून पाच रुपये वाढवतात आणि चौकाचौकात भांडणं होतात. भांडणारे दोघंही खरे असतात. भाव पैशांनी चढतो आणि भाडं पाचाच्या नोटेने, या फटीत दोघं सापडलेले असतात. पुढे मे महिन्यात शुल्क कमी होऊन पेट्रोल उतरलं, पण चढलेले पाच रुपये उतरले नाहीत. आधी सोसलेल्या महिन्यांची ती भरपाई होती, हे सवारीला कोण सांगणार?

या साखळीचं शेवटचं टोक चावडीवर आहे. रायपुरात मजुरांच्या नाक्याला चावडीच म्हणतात. शब्द ऐकून मराठी माणूस क्षणभर थबकतो. इथे पाटील-कुलकर्णी नसतात. सकाळी डबा आणि घमेलं घेऊन उभे राहिलेले कुली आणि रेजा असतात. रेजा म्हणजे बांधकामावर काम करणाऱ्या बायका. अभनपूर, आरंग, तिल्दा या बाजूंच्या गावांतून त्या येतात. ठेकेदाराशी रोजी ठरते ती कामाची, येण्याजाण्याची नव्हे. काम कचन्याला असो की नवा रायपूरला, रोजी तीच. भाडं वाढलं म्हणून रोजी वाढवून मागणाऱ्या बाईच्या मागे त्याच रोजीत जायला तयार अशा दहा जणी उभ्या असतात. ट्रकमालक संप करतो, बसमालक मंत्र्यांना निवेदन देतो, ऑटोवाला पाच रुपये वाढवतो. रेजाला मात्र ही वाढ पुढे ढकलायला कुणी नाही. ती दोन गोष्टी करते: अर्ध्या वाटेवर उतरून चालते, नाहीतर त्या दिवशी येतच नाही.

उपाय अगदीच नाहीत असं नव्हे. ई-रिक्षांनी शहराच्या आतल्या भागात भाडं धरून ठेवलं आहे. त्यांना आखाती तेलाशी घेणंदेणं नाही, त्यांची वीज कोरब्याच्या कोळशाची. एनटीपीसीचं एकट्या कोरब्याचं केंद्र २६०० मेगावॉटचं आहे. कोळशाचा धूर कोरब्याच्या लोकांच्या छातीत जातो ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. आणि ई-रिक्षावाल्यालाही शिशाची बॅटरी वर्ष-दीड वर्षात बदलताना एकदम मोठी रक्कम उभी करावी लागते. पंतप्रधान ई-बस सेवा योजनेत राज्याला २४० विजेच्या बस मंजूर झाल्या, त्यांतल्या १०० रायपूरच्या. एका शहराला शंभर बस म्हणजे फार नव्हे, पण तेलाच्या भावाशी ज्यांचं भाडं बांधलेलं नाही अशा शंभर गाड्या, हे मला मोठं वाटतं.

सगळ्यात सरळ उपाय मात्र जुना आहे, आगगाडी. रायपूर ते धमतरी आणि राजिम अशी नॅरोगेज गाडी इथे शंभराहून जास्त वर्षं होती, तेलीबांध्यावरून जायची. लोक तिला छोटी रेल म्हणत. २०१७ मध्ये शहरातली ती वाहतूक बंद झाली आणि तिच्या जागेवर एक्सप्रेस-वे झाला. मग ३० मार्च २०२५ ला मंदिर हसौद आणि नवा रायपूर मार्गे अभनपूरपर्यंत ब्रॉडगेजवर मेमू सुरू झाली. रायपूर ते अभनपूर तिकीट दहा रुपये. फटफटीने तेच जाणं-येणं साठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वा लिटर पेट्रोल, सव्वाशे रुपये. महिन्याच्या सव्वीस दिवसांत तीन हजारांच्या वर, आणि आगगाडीने पाचशे वीस. फरक अडीच हजारांहून जास्त. कुठल्याही कर-सवलतीने रेजाच्या घरात एवढे पैसे राहणार नाहीत.

पण त्या मार्गावर दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत, आणि मजुराला वेळेवर न मिळणारी गाडी दहा रुपयांना असली काय आणि फुकट असली काय, सारखीच. रेल्वेने आणि राज्य सरकारने या मार्गावर आधी पहाटेची एक आणि संध्याकाळी काम सुटल्यानंतरची एक अशा दोन फेऱ्या वाढवाव्यात. चावडी आठ-नऊ वाजेपर्यंत उठते. गाडी त्याआधी रायपूरला पोचली पाहिजे.